हातभर माती

५ ऑगस्ट

शेतकऱ्यांसाठी भरणाऱ्या मातीच्या वर्गातले मास्तर म्हणाले, शेतात काय झालं ते रोज लिहून ठेवा. मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सहीपलीकडे हात चालला नाही. तर म्हणे, "मग आता चालवा." सगळे हसले. हसा म्हटलं. चालवते. पण रोज नाही. रोज लिहिण्याएवढं माझ्याकडे काही घडत नाही.

तर पहिल्यापासून. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करण्यात माझी उमर गेली. गेल्या हिवाळ्यात आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी तिच्या उशाशी शहरात, हॉस्पिटलमागच्या भाड्याच्या खोलीत तो हिवाळा काढला. तोवर लाँड्रीत माझ्या टेबलाशी दुसरी बाई उभी राहिली. आता आई माझ्या घरात खाटेवर आणि मी बिनकामाची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, म्हणजे कुणाला विचारायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही.

घरामागे माझ्या वाटणीचं शेत आहे. बाबांनी जमिनीचे दोन सारखे तुकडे केले होते. रस्त्याकडचा ताईला, मागचा मला. ताईचा तुकडा सगळा मुरूम आणि खडे, पण रस्त्यावर, म्हणून तिने तिथे कुंड्यांची नर्सरी काढली. माझा मागे दडलेला, पण बाबा म्हणायचे, या मातीत कोपरापर्यंत हात जातो. मी तिथे आजवर गवतच वाढवलं. आता गाजर लावणार.

वसतिगृहाला भाजी पुरवणारा ठेकेदार येऊन गेला. पहिला माल सरळ आणि भरीव निघाला तर वर्षभर गाजर, मुळा, बीट सगळं माझ्याकडून घेणार. नाही निघाला तर तो त्याच्या वाटेने. आईला एका हाताने सांभाळून दुसऱ्या हाताने करता येईल असं मला दुसरं काम नाही. तेव्हा गाजर निघालंच पाहिजे.

९ ऑगस्ट

वर्गात आज मातीच्या जाती झाल्या. टेबलावर पत्र्याच्या ताटल्या आणि पाण्याचा तांब्या. मास्तर म्हणाले, नाव पाठ करू नका, हाताला विचारा. ओली माती मुठीत दाबायची. वाळूसर असेल तर गोळाच होत नाही, सुटते. पाणी धरत नाही, खत धरत नाही, पण मुळांना मोकळं सोडते. चिकण असेल तर गोळा तर होतोच, अंगठ्याने लांबवली तर पट्टी निघते. पाणी धरून बसते, वाळली की वीट. गाळाची साबणासारखी लागते. चुनखडीची असेल तर तिच्यावर व्हिनेगर टाकलं की फसफसते. आणि पोयटा म्हणजे सगळ्यांचं थोडंथोडं. गोळा होतो, बोट लावलं की मोडतो. गाजराला वाळूसर पोयटा. चिकण मातीत गाजर लावलं तर त्याला खाली वाट मिळत नाही, मग ते फाटे काढतं.

माझ्या शेजारच्या दाढीवाल्याने चिकण माती हाताला फासली आणि ती निघेना. मी म्हटलं, "जावई आहे का तुमचा?" मास्तरसुद्धा हसले.

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गाजर कशाला? दुसरं काही लाव. नाहीतर काहीच नको, लाँड्रीत परत विचारून बघ." मी म्हटलं, तुला दिवसभर कोण उठवेल-बसवेल? तर भिंतीकडे तोंड करून पडली. एकटी पडायला घाबरते, दुसरं काय.

१३ ऑगस्ट

शेतात फेरी मारली. फाटकातून आत उतरताना पाय पुढे गेला आणि मी बुडावर आले. पूर्वी सरळ चालत जायचे. बाबांनी बसवलेला पाण्याचा नळसुद्धा उंच वाटला, वाकायची गरजच पडली नाही. कुंपणाच्या दोन-तीन खांबांचे सिमेंटचे पाय आतल्या बाजूने बाहेर दिसतात. पावसाने धुपलं असेल. नाहीतर मीच खचलेय या वयात.

पण शेत कसं टेबलासारखं सपाट! मी शहरात आईजवळ अडकले होते तेव्हा ताईने मशीन लावून सपाट करून घेतलं, गवत मुळासकट काढलं. मला सांगितलंसुद्धा नाही. परत आले आणि बघून डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी न सांगता काही करणारं एवढं एकच माणूस आहे. आभार कसे मानायचे ते मला येत नाही, म्हणून तिच्या घरचे सगळे पडदे उतरवून आणले, धुतले आणि कडक इस्त्री करून परत लावून दिले.

१८ ऑगस्ट

मास्तरांनी तपासणीसाठी माती मागवली. शेतात पाच-सहा ठिकाणी खणा, सगळी एकत्र करा, म्हणाले. मधोमध फावडं मारलं तर टण्णकन परत आलं. दुसरीकडे मारलं, तेच. ऊन डोक्यावर, घरात आई हाका मारतेय. शेवटी कुंपणाच्या कडेला जिथे फावडं बसलं तिथली काढली आणि पिशवी भरून दिली. एकाच शेताची माती, इथली काय नि तिथली काय.

२ सप्टेंबर

निकाल आला! पोयटा, वाळूकडे झुकणारा, काळा, मऊ, कसदार. मास्तर म्हणाले, "बाई, अशी माती लोकांना तयार करायला आयुष्य लागतं. डोळे मिटून गाजर लावा."

तशीच नर्सरीत गेले ताईला सांगायला. ती कुंड्या भरत होती. ऐकलं आणि हात थांबला तिचा. "कुठली माती दिलीस?" म्हणाली. मी म्हटलं, माझ्या शेतातली, अजून कुणाची? "अगं पण कुठल्या भागातली?" मी म्हटलं, कुंपणाजवळची. तेव्हा एकदम हसली, मला मिठीच मारली. "लाव बिनधास्त, वेडे." किती काळजी करते माझी. नंतर तिने स्वतः चहा केला. तिने चहा करणं म्हणजे मोठीच गोष्ट.

६ सप्टेंबर

पेरलं. तीन माणसं लावूनसुद्धा नांगराचा फाळ खाली जाईना. ढेकळं विटेएवढी. एक माणूस म्हणाला, "ही माती आहे का घराचा पाया?" त्याला म्हटलं, तपासणीचा कागद दाखवू का? पुन्हा नांगराला लागला.

२९ सप्टेंबर

उगवण विरळ. जिथे उगवलं तिथे पिवळं. पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत तसंच उभं, आणि सुकलं की वर पापडासारखा थर. कोंबाला ते फोडून वर यायला नाकी नऊ येतात. मास्तर म्हणतात, पोयट्यात असं होत नाही. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. पाणी जास्त झालं? बी खोल पडलं? त्यांना विचारून विचारून मी बावळट ठरले.

मागच्या आठवड्यात ताई आली, शेत बघितलं, च्‌ च्‌ केलं. दुसऱ्या दिवशी गड्याच्या हातून मातीची चार पोती पाठवली. "नर्सरीचं खास मिश्रण आहे. ओळींत घाल. पैशाचं बोलायचं नाही, घरचीच समज." पोतं उघडलं तर काय माती! काळी, भुसभुशीत, वास असा की हात बाहेर काढू नये. मी म्हटलं, ताई, असं सोनं तू लोकांना कुंड्यांत घालून विकतेस? ती म्हणाली, "धंदा आहे गं."

जिथे तिची माती घातली तिथलं गाजर हसतंय. बाकी सगळं रडतंय.

११ नोव्हेंबर

ओळीतलं एक गाजर उपटून बघितलं. दोन पाय. दुसरं उपटलं, तीन पाय आणि एक हात. तिसरं आईला नेऊन दाखवलं. म्हटलं, हे बघ, मुलगा झाला. आई हसली नाही. "टाकून दे," म्हणाली. "आणि आता ती शेती सोड." मी चिडले. म्हटलं, तुझ्या तोंडून एकदा तरी चांगला शब्द निघेल का? ती रडायला लागली. हल्ली तिला कशानेही रडू येतं.

४ डिसेंबर

ठेकेदार आला. माझी टोपली बघून त्याने एक गाजर उचललं, फिरवून फिरवून बघितलं. "बाई, एवढे पाय कशाला? बाजारात चालत जाणार आहेत का?" त्याचा ड्रायव्हर खिदळला. मी म्हटलं, हसून झालं असेल तर सांगा, घेणार का नाही. म्हणाला, "वसतिगृहाची आचारीण सोलता सोलता मला सोलेल." ताईच्या मातीतल्या ओळींतली गाजरं मात्र त्याने बाजूला काढून ठेवली. "अशी आणा, मग बोलू. हंगाम संपायच्या आत एकदा बघतो."

म्हणजे अजून एक संधी. मी घरात येऊन भांडी आपटली. आईने विचारलं नाही, काय झालं.

७ डिसेंबर

मास्तरांनी बाटलीची रीत सांगितली होती. बाटलीत एक भाग माती, दोन भाग पाणी, जोरात हलवायचं आणि हात न लावता ठेवून द्यायचं. जड वाळू आधी खाली बसते, तिच्यावर गाळ, सगळ्यात वर चिकण. थर बघून माती कळते. मी म्हटलं, कागदावर विश्वास ठेवून फसले, आता स्वतः बघते. तीन बाटल्या भरल्या. एक शेताच्या मधली, एक कुंपणाची, एक ताईच्या पोत्यातली. खिडकीत ठेवल्या.

८ डिसेंबर

शेताच्या मधल्या मातीची बाटली अजून गढूळ. खाली बोटभर चिकट पिवळं, वाळू जवळपास नाहीच. कुंपणाची आणि ताईची मात्र जुळ्या बहिणींसारख्या. तेवढीच वाळू, तेवढाच गाळ, वरचा काळा कचरासुद्धा तसाच. दोनदा उचलून बघितल्या, कुठली कोणती तेच विसरले.

ताईचं नशीब बघा. मुरमाच्या जमिनीवर बसून माझ्या कुंपणासारखी माती कुठूनतरी मिळवली. आणि माझ्या शेतात मात्र कडेला एक नि मध्ये एक. देवाने घाईत केलं असेल. उद्या विचारते तिला, कुठून आणतेस. तिथूनच एक गाडी मागवून सगळ्या शेतात पसरते.

९ डिसेंबर

विचारलं. ताई म्हणाली, "लांबून येते. माणूस आता देत नाही." आणि फोन आला म्हणून आत गेली. फोन वाजलेला मला ऐकू आला नाही.

१४ डिसेंबर

आज अक्षर वेडंवाकडं आलं तरी लिहिणार.

साचलेलं पाणी काढायला चर खणायचा म्हणून जेसीबीवाल्याला बोलावलं. माझ्याच वयाचा, तोंडात बडीशेप. फाटकात गाडी थांबवून खाली बघितलं आणि म्हणाला, "पुन्हा? बाई, आता काय काढायचं राहिलंय इथं?"

मी म्हटलं, पुन्हा म्हणजे?

"मागच्या हिवाळ्यात मीच काढली की इथली माती. हातभर थर. नर्सरीत टाकली सगळी, दिवसभर ट्रॅक्टर फिरत होते. तुमच्या बहिणीने सांगितलं, दोघींचं एकत्र आहे, तुम्ही शहरात आहात. कडेची कुंपणाला धरून सोडली, नाहीतर खांब पडले असते." मग माझं तोंड बघून त्याने मशीन बंद केलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, माहीत होतं. चर नको. जा.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात. माझी तर ट्रॅक्टरमध्ये भरून नेली.

नंतर नळाशी जाऊन उभी राहिले. सगळं समोरच होतं. नळ, खांबांचे पाय, फाटकाची पायरी. आंधळीलासुद्धा दिसलं असतं. आणि मी पडद्यांना इस्त्री करत बसले.

१५ डिसेंबर

रविवार. नर्सरीत गिऱ्हाइकांची गर्दी. मी ठरवून गेले होते की सगळ्यांसमोर ओरडायचं. दारातच काळ्या मातीचा ढीग, अर्धा संपलेला. त्याच्याशी उभी राहिले. एक तरुण बाई, हातात गुलाबाची कुंडी, मला गड्यांपैकी समजली. "मावशी, ही माती चांगली असते का हो? आमचं आधीचं झाड मेलं."

तोंडापर्यंत आलं होतं, चोरीची आहे. पण तिच्या कुंडीत बोट घातलं आणि बोलले ते वेगळंच. "माती उत्तम आहे. पाणी रोज घालू नका, वरून सुकली की मगच घाला. ही पाणी धरते आणि सोडतेही. हिला मारायला मेहनत लागते."

ती खूश होऊन गेली. माझी एक कुंडी माती घेऊन गेली.

ताईला मागच्या शेडमध्ये नेलं. म्हटलं, जेसीबीवाला आला होता.

तिने नाही म्हटलं नाही, एवढं मानते. हातमोजे काढले, एकात एक घातले. "तेव्हा माझी नर्सरी बसत होती. सगळी रोपं जळून गेली मुरमात. गिऱ्हाईक परत आणून टाकत होते."

"मग मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून चोरलीस?"

"चोरी कसली? तू तिथे गवत वाढवत होतीस. एक इंच जमीन घेतली का तुझी? बोलाव मोजणीवाल्याला. कागदावर होती तेवढीच आहे."

मी म्हटलं, "लांबीला हात लावला नाहीस, रुंदीला लावला नाहीस. खोली नेलीस. ती कुठला मोजणीवाला मोजतो?"

तेव्हा ती पेटली. "बाबांनी तुला माती दिली आणि मला खडे! जन्मभर मी खड्यांवर उभी आहे, तू कधी विचारलंस? तू आळशासारखी सोन्यावर बसलीस."

"आणि पोती? माझीच माती मला पोत्यात घालून दिलीस. पैशाचं बोलू नको म्हणालीस. मी तुझे आभार मानले, ताई."

तिने हातमोजे पुन्हा चढवले. मी म्हटलं, आण परत. ती म्हणाली, "कुठून आणू? लोकांच्या गॅलरीत गेली." दाराकडे निघाले तेव्हा मागून म्हणाली, "एकटीला मला बोलू नकोस. आईला विचारून केलं मी. तू औषध आणायला खाली गेली होतीस तेव्हा फोनवर विचारलं. ती हो म्हणाली."

१६ डिसेंबर

काल आईला विचारलं नाही. विचारलं तर उत्तर येईल म्हणून. आज सकाळी अंग पुसताना विचारलं. ती डोळे मिटून पडली. झोपेचं सोंग मला कळतं, हिवाळाभर त्या खोलीत तिचा श्वास मोजत बसले होते मी. म्हटलं, आई, ऊठ. टॉवेल गार व्हायच्या आत सांग.

आई म्हणाली, "हो म्हटलं मी."

"मी तुझ्या पायाशी बसले होते तेव्हा?"

"ताईचं बुडालं असतं तर ती मोडली असती. ती मोडली की कुणाचं बघत नाही, मलासुद्धा नाही. तू मोडत नाहीस. तुझं काही गेलं तरी तू मला टाकणार नाहीस, एवढा माझा भरवसा होता तुझ्यावर."

हे तिने कौतुक म्हणून सांगितलं. माझ्या तोंडावरून फिरवायला हात वर केला. मी टॉवेल पिळायला गेले आणि बराच वेळ पिळत राहिले.

ताईने माती नेली, त्यात निदान गरज होती. आईने माझा चांगुलपणा मोजून, वजन करून, त्याच्यावर हो म्हटलं. मी नालायक निघाले असते तर माझं शेत वाचलं असतं.

१९ डिसेंबर

ठेकेदाराला फोन केला. माझ्याकडे सरळ गाजर होणार नाही, या वर्षी नाही, पुढच्याही नाही. तो म्हणाला, "अहो, त्या चांगल्या ओळी?" म्हटलं, त्या उसन्या होत्या. "बरं," म्हणाला, आणि संपलं.

मास्तरांकडे गेले. कुंपणाची माती दिली होती ते कबूल केलं. मग बाकीचंही सांगितलं. ते रागावले नाहीत. वरची माती एकदा गेली की विकत आणून भरत नाही, म्हणाले. खालची चिकण आता वरची करायची. ताग पेरायचा, त्याची मुळं चिकण फोडतात, कोवळा असताना तिथेच गाडायचा. पुन्हा पेरायचा, पुन्हा गाडायचा. मी विचारलं, किती वर्षं? त्यांनी खांदे उडवले. म्हटलं, मला घाई असते. म्हणाले, "मातीला नसते."

२२ डिसेंबर

ताई आली. हातात फुललेली कुंडी, तोंडावर काही झालंच नाही असं हसू. "आईला बघायला आले." मी दारातच थांबवलं.

"बरं झालं आलीस. वाटणी करायची आहे."

"पुन्हा जमिनीचं काढू नकोस गं."

"जमिनीचं नाही. आईचं. एक महिना तुझ्याकडे, एक माझ्याकडे. पहिला तुझा. आजपासून."

ती हसली. मग हसू गेलं. "माझ्याकडे कसं जमेल? मला नर्सरी आहे, गिऱ्हाईक असतं..."

"मलाही शेत आहे. तुझ्या कृपेने त्यात आता दुप्पट काम आहे."

आतून आई म्हणाली, "मला कुठे नाही जायचं. इथेच बरी आहे." मी म्हटलं, तू बरी आहेस हे मला माहीत आहे, आई. कपडे, औषधं, खाली ठेवायचं भांडं, उशी, सगळं एका पेटीत भरून ठेवलं होतं. नर्सरीचा टेम्पो बोलावला. गाडी मागे लावून दोन गड्यांनी आईला गादीसकट उचललं, कुंड्या एका बाजूला सारून झोपवलं. आई माझं नाव घेऊन रडत होती. मी चादरीची घडी तिच्या पायाखाली नीट केली. टेम्पो निघाला. ताईची कुंडी उंबऱ्यावर राहिली होती, ती मागे राहिलेल्या गड्याच्या हातून परत पाठवली.

मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. घरात शिरले आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसले. तिथून उठताच येईना.

२३ डिसेंबर

सकाळीच शेतात गेले. तागाचं बी खिशात, कुदळ हातात. ढेकळं फोडत अर्ध्यापर्यंत आले तेव्हा फोन वाजला. ताई. मागे आईचं विव्हळणं ऐकू येत होतं.

"अगं, तिला कुशीवर कसं वळवायचं? हात लावला की ओरडते. रात्रीपासून ओली आहे. मला काही सुचत नाही."

मी कुदळ टेकवली. ठेवून द्यावा फोन असं वाटलं. एक शब्द सांगू नये. शिकू दे खड्यांवर.

म्हटलं, "मोडलेल्या पायाला हात लावू नकोस. दुसरा गुडघा दुमड. दोन मांड्यांमध्ये उशी घाल. मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि एकदम नाही, हळू, तुझ्याकडे ओढ. ओरडली तरी थांबू नको. पाठ कोरडी कर, मग चादर."

फोन तिने बाजूला ठेवला असावा. धडपड ऐकू आली, आईचं ओरडणं, मग ते थांबलं. ताई परत आली, धाप लागलेली. "झालं." मग म्हणाली, "तू येतेस का?"

"महिना संपला की," म्हटलं, आणि फोन बंद केला.

उरलेल्या अर्ध्या शेतात बी टाकून झालं तेव्हा दुपार कलली होती.